अंधेरीला ब्रेक, साकीनाक्याला तिसरा

वर्सोव्यात चौथा गिअर गाडीत असतो, वापरात नसतो. पाचवा तर कंपनीने केवळ माणुसकीखातर दिलेला. सकाळी यारी रोडवरून सात बंगल्याकडे निघालं की पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, न्यूट्रल, हँडब्रेक, मग समोरचा हलला म्हणून पहिला, एवढ्यावरच आमचा डावा पाय वर्षानुवर्षं संसार करतो. एखाद्या दिवशी चुकून तिसरा पडलाच तर मनात पाल चुकचुकते: आज बंद-बिंद आहे की काय?

याला भूगोलही कारण आहे. यारी रोड पुढे गेला की वर्सोवा गाव, कोळीवाडा आणि मग खाडी. पलीकडे मढ दिसतं, पण तिकडे जायला जेट्टीवरची बोट. म्हणजे इकडे जी गाडी शिरली ती कधी ना कधी वळून परत येणार, आणि माझा अनुभव असा की ती माझ्या पुढ्यातच वळते. अशा रस्त्यावर मुरलेल्या बाईला वेग येत नाही, मनकवडेपणा येतो. रिक्षावाला डावीकडे वळणार हे आम्हाला इंडिकेटर बघून कळत नाही, बाहेर आलेली चप्पल बघून कळतं. आराम नगरच्या आसपास हातात कागद धरून, ओठ हलवत, हवेत हातवारे करत येणारा देखणा मुलगा ऑडिशनला निघालेला असतो. त्याला आत्ता संवाद दिसतायत, माझी वॅगन आर दिसत नाही. मासळी बाजारापाशी डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण रस्ता ओलांडते तेव्हा ती कुणाकडे बघत नाही. बघायचं आपण, थांबायचं आपण, आणि वर "दिसत नाय काय गो?" हे ऐकायचंही आपणच.

मला गाडी शिकवली ती आमच्याच भागातल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलच्या मास्तरांनी. त्यांच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच होता, त्यामुळे सुरुवातीचे कितीतरी दिवस गाडी मी चालवतेय असा माझा गोड समज होता. मास्तरांचं तत्त्वज्ञान दोन वाक्यांत संपायचं. "पाय कायम ब्रेकवर" हे पहिलं, आणि "हॉर्न आधी, विचार नंतर" हे दुसरं. या शिदोरीवर मी अंधेरी आरटीओची परीक्षा पास झाले, एमएच ०२ ची पाटी लावून हिंडू लागले, आणि अनंत चतुर्दशीला वर्सोवा चौपाटीच्या गर्दीतून आरशालाही धक्का न लागता गाडी बाहेर काढली. मला गाडी येते, असं म्हणायला हरकत नव्हती.

हरकत घेतली ती भाच्याने. हा मुलगा कार्टिंग करतो. म्हणजे जमिनीपासून चार बोटं वर असलेल्या, छप्पर-दार काही नसलेल्या चौकटीत बसून गोल गोल पळतो. सरावासाठी कोल्हापूरला जातो. कोल्हापूर म्हटलं की मला तोवर अंबाबाई, कुस्ती आणि तांबडा-पांढरा एवढंच सुचायचं. पण तिथे मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्यात, आणि कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटनमध्ये फॉर्म्युला थ्रीत धावला, ही सगळी माहिती भाच्याने मला एका लग्नात, पंगतीत जिलबी येईपर्यंत पुरवली होती. माझ्या ड्रायव्हिंगबद्दल त्याचं मत असं की, "मावशी, तू गाडी चालवत नाहीस, तू गाडी सांभाळतेस."

या भाच्याने चेन्नईच्या रेस ट्रॅकवर एका प्रशिक्षणाला नाव घातलं आणि निघायच्या आठवड्यात त्याला डेंग्यू झाला. आयोजकांनी कळवलं की नाव बदलता येईल, पैसे परत मिळणार नाहीत. पैसे परत मिळणार नाहीत! या चार शब्दांखातर मराठी माणूस नको असलेल्या नाटकाला शेवटच्या अंकापर्यंत बसलाय आणि पोट बिघडलेलं असताना लग्नाचं ताट संपवून उठलाय. घरात लायसन्स असलेलं, सुट्टी शिल्लक असलेलं आणि डेंग्यू न झालेलं माणूस एकच होतं. रेसकोर्सवर गाडी चालवायला निघालेय म्हटल्यावर सोसायटीतल्या आजोबांनी महालक्ष्मीच्या रविवारच्या घोड्याचं नाव विचारलं. ह्यांनी एवढंच विचारलं, "तिथे पार्किंग आहे ना?"

खरं तर एवढ्या लांब जायची वेळ यायला नको होती. आमच्या शेजारी जुहूला १९२८ पासून विमानतळ आहे. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते तिथेच. पुढे स्वातंत्र्यानंतर याच धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. त्या काळी देशभर हीच रीत होती; कलकत्त्याला बराकपूर, मद्रासला शोलावरम, सगळीकडे विमानांची धावपट्टी आणि त्यावर उन्हात पळणाऱ्या मोटारी. शर्यतीसाठी धावपट्टी ही आयती जागा: सपाट, रुंद, आणि कुणाचंही दुकान त्यावर उघडत नाही. फरक पुढे पडला. मद्रासवाल्यांनी १९५३ साली मोटर स्पोर्ट्स क्लब काढला, शोलावरमला वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या, मग शहराबाहेर जमीन घेऊन स्वतःचा ट्रॅक बांधला आणि १९९० पासून तिथे गाड्या पळवायला लागले. मुंबईकरांनी तेवढ्या काळात जमिनीचा भाव पळताना बघितला. इथे कुणी पावणेचार किलोमीटरचा ट्रॅक आखलाच असता तर पहिली शर्यत व्हायच्या आत त्याच्या मधोमध 'ट्रॅक व्ह्यू' नावाचे टॉवर उभे राहिले असते, आणि त्यातल्या रहिवाशांनी आवाजाविरुद्ध तक्रार केली असती.

तर तो ट्रॅक इरुंगट्टुकोट्टैला आहे. चेन्नईहून बंगळुरूकडे जाताना, श्रीपेरंबुदूरच्या अलीकडे. हे नाव एका दमात म्हणता यायला मला ट्रॅक शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्याच गावात ह्युंदाईचा कारखाना आहे, म्हणजे गाड्यांचं बाळंतपण आणि शाळा एकाच गावात. सकाळी साडेसातलाच ऊन असं की मुंबईचा मे महिना आठवून गहिवरून आलं.

आधी फॉर्म. माझ्या बरोबरची पोरं, बहुतेक सगळी चेन्नई-बंगळुरूची, संगणकवाली, न वाचता सही करून मोकळी झाली. मी बँकेतली. मी फॉर्म वाचते. त्यात 'मृत्यू' हा शब्द पहिल्याच परिच्छेदात होता, 'कायमचे अपंगत्व' दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात असं होतं की ट्रॅकचे कठडे, टायरची भिंत वगैरे मोडल्यास भरपाई मी द्यायची. मृत्यूपर्यंत माझी तयारी होती. भरपाईचं वाचून मात्र पेन थबकलं. ह्यांना फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, "नाश्ता झाला का?"

मग बूट. पातळ तळाचे आणा, असं कळवलेलं होतं, म्हणजे पायाला पॅडल नीट जाणवतं. पोरांकडे घोट्यापर्यंतचे, खास शर्यतीचे, लाल-निळे बूट होते. मी मुलाचे शाळेतले पीटीचे पांढरे कॅनव्हास नेले होते, धुऊन, खडू लावून. ते बघून कोच म्हणाला, "परफेक्ट, मॅम." दिवसभरात त्याने माझ्याबद्दल वापरलेलं ते एकमेव निर्भेळ विशेषण.

वर्गात पहिला पाठ झेंड्यांचा. ट्रॅकवर सिग्नल नाही, हवालदार नाही, फक्त कडेला मार्शल उभे असतात आणि ते झेंडे दाखवतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, हळू, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, पिटमध्ये या. पिवळ्यावर उभे लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. काळ्यावर केशरी गोळा आणि शेजारी तुमचा नंबर म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड आहे, बाहेर या. हा एकच झेंडा वर्सोव्यात आणला तर संध्याकाळपर्यंत सात बंगल्याचा रिक्षा स्टँड रिकामा होईल. काळा-पांढरा तिरका झेंडा हा असभ्य वागणुकीची ताकीद. तो कुठे लावावा याबद्दल माझ्या मनात आमच्या सोसायटीचं गेट लगेच आलं. आणि निळा: मागून तुमच्यापेक्षा जोरात कुणीतरी येतंय, त्याला वाट द्या. आमच्याकडे हे काम डिपर आणि मातृभाषा मिळून करतात. इथे एक माणूस उन्हात उभा राहून, न बोलता, नुसता कापड हलवतो. एवढ्या सभ्यपणे मला आजवर कुणी बाजूला हो म्हटलेलं नाही. पांढरा झेंडा म्हणजे पुढे फार सावकाश जाणारं वाहन आहे. त्या दिवशी तो इतरांना दाखवला गेला. कुणामुळे, हे मार्शल आणि मी जाणतो.

ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, वळणं बारा. वळणांना नावं नाहीत, नंबर आहेत: सी-वन, सी-टू, असं सी-ट्वेल्व्हपर्यंत. कुठल्या वळणाला कुठला गिअर, कुठे ब्रेक, हे सगळं पाठ करायचं होतं. पोरांनी म्हणे घरी संगणकावरच्या खेळात हा ट्रॅक चालवून चालवून पाठ केला होता. माझी बाराची पाटी वेगळी होती. मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली ती आमच्या वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंत, आणि तिची स्टेशनं बरोब्बर बारा. वर्सोवा, डी. एन. नगर, आझाद नगर, अंधेरी, वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, चकाला, एअरपोर्ट रोड, मरोळ नाका, साकीनाका, असल्फा, जागृती नगर, घाटकोपर. हे मी झोपेतही म्हणू शकते. नव्हे, सकाळच्या मेट्रोत उभ्याने झोपूनच म्हणते. मी कागदावर वळणांपुढे स्टेशनं लिहिली आणि माझा अभ्यास झाला. अंधेरीला ब्रेक, साकीनाक्याला तिसरा, जागृती नगरला नुसता पाय उचलायचा.

कोचने तो कागद बराच वेळ बघितला. शांत, सावळा, कपाळाला बारीक विभूती, वय माझ्यापेक्षा बरंच कमी आणि संयम बराच जास्त. तो माझ्या शेजारी हेल्मेट घालून बसणार होता. गाडी साधीच सेडान, पण आतून सगळं सोलून काढलेली: मागची सीट नाही, कार्पेट नाही, एसी नाही, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा. मी सवयीने त्याच्या पायाशी बघितलं. तिथे ब्रेक नव्हता. क्लचही नव्हता. नुसता पत्रा. "तुमचा ब्रेक कुठे?" मी विचारलं. "माझा ब्रेक तुम्ही, मॅम," तो म्हणाला. मास्तर इतके भाबडे नव्हते.

सुरुवात ब्रेकनेच झाली. मोकळ्या जागेत शंकू मांडलेले. ऐंशीच्या वेगाने यायचं आणि पहिल्या शंकूला ब्रेक असा मारायचा की पॅडल पायाखाली थरथरलं पाहिजे. मी आले आणि मास्तरांनी शिकवलेला, मुंबईच्या रस्त्यांनी घोटवून घेतलेला ब्रेक लावला. थोडा, मग थोडा, मग अजून थोडा. गाडी सगळे शंकू ओलांडून, दोन आडवे करून, अगदी आदबशीर थांबली. मागे बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवरचा डबा हलू नये इतकी. कोच म्हणाला, "मॅम, मागे कुणी नाही." त्याला काय सांगणार? वर्सोव्यात जोरात ब्रेक मारायचा म्हणजे मागच्याला बूट उघडायला बोलावणं.

मग त्याने समजावलं, आणि मला कबूल करायला हवं की कुणी मला गाडीबद्दल इतकं सरळ कधी समजावलं नव्हतं. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा. असे चार तळहात, आणि त्यांवर टनभर गाडी. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरांची पकड वाढते, मागच्यांची कमी होते. आणि पकड ही महिन्याच्या पगारासारखी आहे: सगळी ब्रेकवर उडवली तर वळायला शिल्लक राहत नाही, सगळी वळण्यात घातली तर ब्रेकला काही उरत नाही. म्हणून आधी सरळ रेषेत ब्रेक, पुरा. मग हळूहळू सोडत वळण. मग वळणातून बाहेर पडताना गॅस. एकेक खर्च एकेका वेळी. शेवटचं वाक्य माझं, पण त्याला पटलं. त्यानंतर मी ब्रेक मारला तो असा की गळ्यातला हेल्मेटचा पट्टा हनुवटीत रुतला आणि कोचच्या तोंडून त्याच्या कुलदैवताचं नाव निघालं. "गुड," तो म्हणाला, थोड्या वेळाने.

हॉर्नचा प्रश्न अवघड होता. या गाडीचं स्टिअरिंग शर्यतीचं, त्याच्या मधे हॉर्न नसतोच. माझा अंगठा मात्र प्रत्येक वळणाआधी आपसूक मधे जाऊन दाबून येत होता. कोचने दोन वळणं बघितलं. "मॅम, काय दाबताय?"

"हॉर्न."

"कशाला?"

"पलीकडच्याला कळायला."

"पलीकडे कुणी नाही. सगळे एकाच दिशेने जातात."

हे वाक्य मला पचायला जड गेलं. सगळे एकाच दिशेने जातात! माणूस आयुष्यभर विठ्ठल-विठ्ठल करत बसतो ते अशा जगासाठी. समोरून कुणी येणार नाही, बाजूच्या गल्लीतून कुणी डोकं काढणार नाही, उलट्या दिशेने "दोन मिनिटांचं काम आहे हो" म्हणत कुणी स्कूटर घालणार नाही. रिकामा, रुंद, गुळगुळीत रस्ता, आणि तरी मी पन्नाशीत घाबरत होते. वयाच्याही आणि वेगाच्याही. कारण माझी सगळी विद्या ही इतर लोकांबद्दलची होती. कोण कुठे वळेल, कोण थांबेल, कोण थांबल्यासारखं करून निघेल. लोकच काढून घेतले तर मला येतं काय? स्टिअरिंग हातात, तीन पॅडल, आणि कोऱ्या पाटीवर मी.

वळण्याची रेषा शिकताना मात्र वर्सोवा कामी आलं. वळणाची त्रिज्या जितकी मोठी तितका वेग जास्त ठेवता येतो, म्हणून ट्रॅकची सगळी रुंदी वापरायची. उजवं वळण असेल तर आधी अगदी डाव्या कडेला जायचं, मग आतल्या टोकाला स्पर्श करायचा, मग पुन्हा डाव्या कडेला सुटायचं. इतरांना हे विचित्र वाटलं. उजवीकडे वळायला टोकाच्या डावीकडून यायचं हे मला नवीन नव्हतं, जे. पी. रोडवर लोक रोज तेच करतात. त्यामागे भूमिती आहे एवढंच माहीत नव्हतं. पंचाईत झाली ती आतली जागा सोडताना. डाव्या कडेला गेलं की उजवीकडे दोन गाड्यांची फट राहते, आणि फट राहिली की तिथे रिक्षा शिरते हा निसर्गनियम आहे. मी प्रत्येक वेळी आरशात बघत होते आणि प्रत्येक वेळी तिथे फक्त तमिळनाडू होतं.

पण सगळ्यात मोठं भांडण डोळ्यांवरून झालं. "कुठे बघताय?" "पुढे." "पुढे म्हणजे किती?" मी विचार केला. पुढे म्हणजे पुढे. पुढच्या गाडीचा बंपर, त्यावरचा 'हॉर्न ओके प्लीज', फार तर त्याच्या पुढच्याचे लाल दिवे. त्यापलीकडे बघून वर्सोव्यात करायचं काय, मनस्ताप? कोच म्हणाला की गाडी तिथे जाते जिथे डोळे जातात. कठड्याकडे बघाल तर कठड्यात जाल. या वळणात असताना पुढचं वळण बघायचं. अंधेरीत असताना हायवे बघायचा, असं त्याने माझ्या भाषेत सांगितलं. ऐकून मान डोलावली आणि पुन्हा बॉनेटकडे बघायला लागले. शेवटी त्याने गाडी बाजूला, शंकूंच्या मैदानात घ्यायला लावली, कुणाकडून तरी तमिळ वर्तमानपत्र आणलं आणि काचेच्या खालच्या निम्म्या भागावर चिकटवलं. आता जवळचं काही दिसेना. दिसत होता तो एक मिशाळ पुढारी, उलटा, आणि त्याच्या वर लांबचे शंकू. नाइलाजाने तिकडे बघितलं. आणि हात आपोआप वळले. शंकू एकामागून एक बाजूने गेले, एकही पडला नाही, आणि त्यातला जवळचा एकही मी पाहिला नव्हता. पुढारी काढून टाकल्यावरही डोळे तिकडेच राहिले.

त्यानंतरच्या फेऱ्यांचं वर्णन मी भाच्याला तपशीलवार केलं आहे, इथे थोडक्यात. कोच एव्हाना माझी स्टेशनं म्हणायला लागला होता. "अंधेरी, अंधेरी! ब्रेक! गुड. हायवे. चकाला, गॅस, गॅस! साकीनाका, थर्ड!" त्याच्या तोंडी साकीनाका ऐकून मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. घाटकोपर झालं की लांब सरळ पट्टा, आणि त्याच्या टोकाला पुन्हा वर्सोवा. घाटकोपरहून थेट वर्सोवा, मधे एकही स्टेशन न लागता! मेट्रोलाही न जमलेली गोष्ट मी चौथ्यात करत होते. मग कोचने नुसती पाच बोटं दाखवली, आणि मी तो कागदोपत्री गिअर टाकला. तो आत जाऊन बसला. इतकी वर्षं न वापरलेली वस्तू घरातच मिळावी आणि चालूही असावी, याचा आनंद मराठी गृहिणीला वेगळा सांगायला नको.

दुपारी दहीभात मिळाला आणि तो इतका थंड, इतका मऊ होता की जेवणानंतरच्या सिद्धांताच्या तासाला माझी पापणी जड झाली. पण तेवढ्यात कोचने एस. करिवर्धन हे नाव घेतलं आणि मी जागी झाले. कोइम्बतूरच्या कापडगिरण्यांच्या यंत्रांच्या घराण्यातला हा माणूस. परदेशी शर्यतीच्या गाड्या परवडत नाहीत म्हणून त्याने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एक आसनी शर्यतीची गाडी इथेच बनवली आणि तिला इंजिन लावलं आपल्या मारुती ८०० चं. ७९६ सीसी! ज्या इंजिनाने आमच्या घरची पाच माणसं, दोन ट्रंका आणि आंब्याची पेटी गणपतीपुळ्याहून आणली, त्याच इंजिनावर देशातली एक पिढी शर्यत शिकली. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन, त्याची पहिली शर्यत याच ट्रॅकवर, फॉर्म्युला मारुतीतली. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. कोइम्बतूरच्या ट्रॅकला त्यांचं नाव आहे. माझ्या मनात त्या माणसाबद्दल फार आपुलकी दाटून आली. परवडत नाही म्हणून सोडून देणारे खूप असतात. परवडेल असं घरच्या सामानात करून दाखवणारा माणूस खरा आपल्यातला.

आता त्या गाड्यांना स्विफ्टचं १३०० सीसी इंजिन असतं आणि त्यातली एक आम्हाला शेवटी चालवायला मिळणार होती. चालवायच्या आधी तिच्यात शिरायचं होतं. दार नाही. सीटवर उभं राहायचं, दोन्ही हातांनी कडा धरायच्या आणि पाय पुढे सरकवत आत उतरायचं. पंजाबी ड्रेसला हे मान्य नसतं, म्हणून मी भाच्याचा ओव्हरऑल घातला होता. तो बाह्यांना लांब आणि बाकी सगळीकडे तोकडा. आत गेल्यावर पाय सरळ पुढे, पाठ जवळजवळ आडवी, आणि बूड जमिनीपासून इतकं जवळ की खडीचा सांधा न् सांधा मोजता यावा. पट्टे खांद्यावरून, कमरेवरून, मांड्यांमधून आवळले गेले. खोल श्वास घ्या म्हणाले. घ्यायला जागा नव्हती. समोर काच नाही, बाजूला उघडी चाकं फिरताना दिसतात, आणि आता शेजारी कोचही नाही. तो पिटच्या भिंतीवर उभा राहून कागद हातात धरून होता. माझाच, स्टेशनांचा.

त्या गाडीत शंभराचा वेग दीडशेसारखा वाटतो. वारा हेल्मेट धरून उपटतो, इंजिन पाठीच्या कण्यात बोलतं, स्टिअरिंग अर्धा इंच हललं तरी नाक वळतं. आणि एक गंमत झाली. आझाद नगरच्या आत असताना मला अंधेरी दिसली. मी बघितली नाही, ती दिसली. तिथून हायवे. मग कुठे ब्रेक, कुठे गॅस हे मी म्हणेनाशी झाले, हात-पाय आपले आपण करत होते, आणि डोक्यात चक्क कुणी नव्हतं. गॅस सिलिंडर लावायचा राहिलाय, मोलकरीण उद्या येणार नाही, ह्यांची रक्तदाबाची गोळी, पासबुक, भाजी: कुणी नाही. मी योगाच्या वर्गाला जाते, तिथे शवासनातही एवढी शांतता मिळालेली नाही. निळा झेंडा दिसला, मी बाजूला झाले, एक पोरगा सुसाट गेला, आणि मला त्याचा जराही राग आला नाही. ही गोष्ट मी ह्यांना सांगितली तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला.

संध्याकाळी निकालाचा कागद. गाडीत एक डबा बसवलेला असतो आणि तो सगळं लिहून ठेवतो: कुठे किती वेग, ब्रेक किती दाबला, गॅस किती. संगणकावर त्याच्या रेघा निघतात. वेळेच्या यादीत मी खालून वर वाचायला सोयीच्या जागी होते. कोचने माझ्या ब्रेकच्या रेघा बघितल्या आणि मान हलवली. सकाळच्या डोंगररांगा जाऊन तिथे छान सरळ कडे उभे राहिले होते. मग त्याने गॅसच्या रेघेवर बोट ठेवलं. लांब सरळ पट्ट्यावर, जिथे पाय शेवटपर्यंत दाबलेला हवा, तिथे माझी रेघ एका ठिकाणी खाली येत होती आणि पुन्हा वर जात होती. प्रत्येक फेरीत. त्याच जागी.

"इथे काय आहे?" त्याने विचारलं. "वळण नाही. खड्डा नाही."

"फाटक आहे," मी म्हटलं. "कुंपणात. लोखंडी."

"ते बंद असतं."

"बंद आहे हे मी बघितलं. पण आतून कुणी आलं तर?"

"मॅम, कुलूप आहे. तिथून कधीच कुणी येत नाही."

"२०११," मी म्हटलं. भाच्याने त्या पंगतीत दिलेली माहिती वाया गेली नव्हती. "ग्रेटर नोएडा. बुद्ध सर्किट. भारतातली पहिली फॉर्म्युला वन. जगातले सगळ्यात हुशार लोक, सगळ्यात महाग कुंपण. पहिल्याच सरावाला ट्रॅकवर काय आलं?"

कोच काही बोलला नाही.

"कुत्रं," मी म्हटलं. "लाल झेंडा दाखवावा लागला."

त्याने रेघेकडे बघितलं, माझ्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघितलं आणि संगणक मिटला. नंतर सगळे सामान भरत असताना तो स्वतः एक गाडी घेऊन दोन फेऱ्या मारायला गेला. आवाजावरूनच कळत होतं की हे काम वेगळं. घाटकोपरातून तो असा सुटला की पिटच्या पत्र्यांना कंप आला. मी भिंतीला टेकून कान देऊन उभी होते. फाटकापाशी इंजिनाचा आवाज कणभर खाली आला आणि पुन्हा चढला. पोरांना काही जाणवलं नाही. मी तिथल्या तिथे भाच्याला फोन लावला.